अमावास्येची मोजणी

प्रतिज्ञापत्र टाइप होऊन माझ्या टेबलावर आलं, तेव्हा मी पेनची टोपीही काढली होती. चारच ओळी होत्या. अंबादास शेठ यांच्या जागेची मोजणी मी स्वतः केली. मोजणीच्या दिवशी शेजारच्या भिंतीत एकही खिडकी नव्हती. हे मी शपथेवर सांगते. खाली माझं नाव.

"करा सही," हिरेमठ साहेब म्हणाले. "परवा अकराला सुनावणी आहे. त्याआधी हे वकिलाकडे जायला पाहिजे."

"उद्या करते."

"उद्या का? होती का तिथं खिडकी?"

"नव्हती."

"मग?"

 न पाहता सही करायची नाही, अशी मला सवय होती. सद्गुण वगैरे नव्हे. आधीच्या नोकरीत दुसऱ्याच्या मापांवर एकदा सही केली होती आणि ती नोकरी गेली होती. "एकदा जागा बघून येते," मी म्हणाले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शालिनीबाई, नकाशा तुम्हीच काढलाय ना? मग बघायचं काय राहिलं?"

मी त्यांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाई असूनही ड्राफ्ट्समनच; सर्टिफिकेटवर तसंच छापलेलं. साहेब लायसन्स्ड सर्व्हेअर. म्हणजे कुणाला घर बांधायचं किंवा वाढवायचं असलं, की त्याचा नकाशा साहेबांच्या सहीने महापालिकेत मंजुरीला जाई. मोजणी माझी, ट्रेसिंग माझं, सही साहेबांची. नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र असतं, त्याला साइट प्लॅन म्हणतात. रस्ता किती रुंद, शेजारी कोण, शेजाऱ्याच्या भिंतीत दार-खिडकी आहे का, हे त्यात दाखवायचं. खिडकी असेल तर तिच्यासमोर जागा सोडून बांधावं लागे. नसेल, तर थेट भिंतीशेजारी भिंत उचलता येई. अशा भिंतीवर आम्ही 'ब्लँक वॉल' असं लिहीत असू. अंबादास शेठच्या नकाशावर ते दोन शब्द माझ्या अक्षरात होते.

शेठना घरामागच्या मोकळ्या जागेत वाढीव बांधकाम करायचं होतं. खाली पॉवरलूमचं शेड, वर राहायच्या तीन खोल्या. नकाशा मंजूर झाला, पाया भरला, भिंत वर येऊ लागली. आणि शेजारच्या मल्लय्या नावाच्या विणकराने हरकत घेतली. कुणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज होता. त्यात एक ओळ होती: 'ही भिंत झाली तर माझा माग आंधळा होईल.'

शेठचं म्हणणं सरळ होतं. म्हातारा लबाड आहे. बांधकाम सुरू झाल्यावर त्याने रातोरात भिंतीला भोक पाडलं आणि आता खिडकी म्हणतोय.

माझाही यावर विश्वास होता. मी ती भिंत पाहिली होती. पांढरीशुभ्र, सलग. त्यामुळे भीती वाटायचं खरं तर कारण नव्हतं. पण आणीबाणीचा तो पहिला उन्हाळा होता. कुणाला कशासाठी आत घातलं, याच्या गोष्टी रोज कानावर येत. बरेचदा खोट्या असत, पण त्या मोठ्याने कुणी बोलत नसे, म्हणून खऱ्या वाटत. शपथेचा कागद आला की मी सही पुढे ढकलत असे. घरी नवऱ्याची मिल आठवड्यातून तीनच दिवस चालू होती. ही नोकरी गेली तर सोलापुरात दुसरा कुठला सर्व्हेअर बाईला मोजणीला पाठवणार नाही, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइटवर गेले. शेठच्या बाजूने नाही. त्या बाजूने मी एकदा गेलेच होते. या वेळी मागच्या गल्लीने मल्लय्याच्या दारात गेले.

गल्लीत मागांचा आवाज एकात एक मिसळलेला. मल्लय्याचं घर मातीचं, माळवदाचं, दार इतकं बुटकं की मलाही वाकावं लागलं. दारात त्याची बायको राजव्वा तांदूळ निवडत बसली होती. मी नाव आणि ऑफिस सांगितलं.

"म्हणजे नकाशा काढणारी बाई तुमीच?"

"हो."

"अय्यो!" तिने सूप खाली ठेवलं आणि आत तोंड करून तेलुगूत काहीतरी ओरडली. मग माझ्याकडे वळली. "या की. या. आमच्या घराला खिडकी न्हाय म्हणून लिवलाव न्हवं? या, न्हाय ती खिडकी बघून जावा."

आत खड्डा माग होता. खड्डा माग म्हणजे विणकर जमिनीत केलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि माग त्याच्या पोटाच्या उंचीवर, जमिनीलगत असतो. मल्लय्या खड्ड्यात बसलेला. अंगात बनियन, डोळ्यांना दोऱ्याने बांधलेला चष्मा. मागावर काळी चंद्रकळा लागली होती. काळा ताणा, काळा बाणा, म्हणजे उभे आणि आडवे दोन्ही धागे काळे. आणि त्याच्या डाव्या हाताला भिंतीत हातभर रुंद, दीड हात उंच खिडकी. तिच्यातून ऊन थेट धाग्यांवर पडलं होतं.

ती नवी नव्हती. हे कळायला ड्राफ्ट्समन असायची गरज नव्हती. खिडकीच्या तळाची कड हात टेकून टेकून गुळगुळीत आणि तेलकट काळी झाली होती. कोपऱ्यात कोळिष्टकांचे जुने थर. बाहेर, वीतभर अंतरावर, शेठची नवी भिंत खिडकीच्या तळापासून दोनच थर खाली थांबलेली. विटांवर अजून पाण्याची ओल होती.

मी तिथेच जमिनीवर बसले. 

"ही खिडकी तेव्हा का दिसली नाही मला?" मी विचारलं. कुणाला विचारत होते कोण जाणे.

"कवा आला हुता तुमी?" मल्लय्याने मान वर न करता विचारलं.

मी पिशवीतून फील्ड बुक काढलं. फील्ड बुक म्हणजे जागेवर मापं टिपायची वही. तारीख वाचून दाखवली. त्याने धोटा एकदा इकडून तिकडे फेकला, मनाशी काही मोजलं आणि म्हणाला, "अमावास्या व्हती की."

"असेल. त्याचं काय?"

आता तो थांबला. शाळेत न गेलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. "अमावास्येला माग बंद असतंय, बाई. सगळ्या गल्लीत. माग बंद, की खिडकी बंद. न्हायतर चिमण्या येत्यात, धागं तोडत्यात."

राजव्वाने भिंतीला टेकवून ठेवलेली एक फळी उचलली आणि आतून खिडकीत बसवली. खोलीत अंधार झाला. फळीच्या कडेने उजेडाची केसाएवढी रेघ तेवढी उरली. मागावरची साडी दिसेनाशी झाली. मल्लय्याचा चष्मा तेवढा चमकत होता.  मग तिने फळी काढून तिची बाहेरची बाजू मला दाखवली. पांढरी. दर दिवाळीला भिंतीला चुना देताना फळी लावून, तिच्यावरूनही कुंचला फिरवायचा, अशी त्यांची रीत. चौकट बाहेरून नाही. फळी भिंतीशी सपाट बसते. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात, चुन्याच्या चकाकीत, पंधरा पावलांवरून ती भिंतच वाटणार.

पंधरा पावलांवरून. कारण मी भिंतीपर्यंत गेलेच नव्हते.

मला सगळं आठवलं. आमच्या धंद्यात अमावास्येला कुणी मोजणीला जात नसे. ओव्हरसियर जात नसत, गवंडी सूत लावत नसत. मी जात असे. मला असल्या गोष्टी लागत नाहीत, हे मी ऑफिसात दहादा सांगितलं होतं. त्यामुळे अमावास्येच्या सगळ्या मोजण्या माझ्याकडे येत आणि मला त्याचा थोडा तोराही होता. अंबादास शेठ ऑफिसात आले तेव्हा म्हणाले होते, "बाई, तुमाला अमावास्या चालती म्हनं. मग त्याच दिवशी या की, मी मोकळा हाय." मी हसून हो म्हटलं होतं. जागेवर त्यांनी सावलीत खुर्ची टाकली. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन स्वतः भिंतीकडे गेले. "तिकडं शेण हाय, चिखल हाय. तुमी बसा, मी धरतो." मी बसले. आकडे वाचले. लिहिले.

शेठ स्वतः विणकराच्या घरातले. अमावास्येला माग बंद असतो आणि मागाची खिडकीही, हे त्यांना शिकवायला नको होतं.

"दिवा लावून नाही का विणता येणार?" मी विचारलं. बावळट प्रश्न होता, पण मला कुठून तरी सुटायचं होतं.

"काळ्यावर काळं हाय," मल्लय्या म्हणाला. "बल्ब डोक्यावर लावला तर माझीच सावली धाग्यावर. बाजूला लावला तर फणीची. धागा तुटलेला कळतच न्हाय. चार बोटं विणल्यावर कळतंय. मग ती साडी कोण घेतंय?"

"पांढरं विणा मग, असं म्हनला तो अंब्या," राजव्वा म्हणाली. "मांडीवर खेळलेला हाय माझ्या. पांढरं विणा म्हनतोय!"

मी फळी हातात घेतली. कडेला चुन्याचा पापुद्रा सुटला होता. नखाएवढा तुकडा काढला आणि उजेडात आडवा धरला. वहीच्या पानांसारखे थर दिसले. पांढरा, पांढरा, निळसर, पांढरा. नऊ थर खाली एक लालसर रेघ. त्याखाली पुन्हा पांढरे. पिशवीतल्या टाचणीने मोजू लागले. पंचविसाच्या पुढे माझीच मोजणी चुकायला लागली.

"ही लाल रेघ कसली?"

राजव्वाने तुकडा डोळ्यांजवळ नेला. "काव. पोराच्या लग्नाला भिंतीला काव दिली हुती. दुष्काळाच्या साली चुना बी न्हाय दिला, नायतर अजून एक असतं."

तेवढ्यात खोली पुन्हा अंधारली. फळी तर माझ्या हातात होती.

खिडकीत अंबादास शेठ होते. नव्या भिंतीवर दोन्ही हात टेकून आत वाकलेले. मागून ऊन असल्यामुळे तोंड दिसत नव्हतं, फक्त आकार.

"बाई? तुमी हितं?"

माझ्या हातातला चुन्याचा तुकडा मी मुठीत घेतला. "मोजणी तपासायला आले."

"मंजूर झालेली मोजणी?" आवाज गोड होता. "तपासा, तपासा. पण मी काय म्हनतो, नकाशा चुकला असं निघालं, तर चूक कुनाची? मला नकाशा वाचता येत न्हाय, बाई. मी अडाणी मानूस. सही साहेबांची. अक्षर तुमचं. सरकारला खोटा कागद दिला म्हनून हल्ली काय करत्यात, तुमाला ठावं हायच. पेपरात येत न्हाय ते, पर करत्यात."

मल्लय्या खड्ड्यात तसाच बसून होता, हात मागावर. अंधारात त्याला काही करता येत नव्हतं.

"अंब्या, सर तिकडं," राजव्वा म्हणाली. "उजेड सोड."

"सोडतो की, मामी." ते सरले. पण लगेच नाही. जाता जाता मला म्हणाले, "मिस्टरांची मिल चालू झाली का?"

माझ्या नवऱ्याची मिल त्यांना कशी माहीत, हे मी आजवर शोधून काढलेलं नाही. त्या दिवशी मात्र गल्लीच्या तोंडापर्यंत मी तीनदा मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तरी टांगा केला. एरवी मी चालत जाणारी बाई.

ऑफिसात आल्यावर मी साहेबांना म्हणाले, "खिडकी होती."

साहेबांनी आधी दार लावलं. मग बसले. "होती म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. अमावास्या, फळी, टेप. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. रुमालाने मान पुसत राहिले. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की हा माणूस माझ्याइतकाच घाबरला आहे. त्यांचं लायसन्स गेलं तर ऑफिस बंद.

"तुम्ही भिंतीपर्यंत गेला नाहीत?"

"नाही."

"शालिनीबाई, शिव शिव! पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय शिकवलं होतं?"

"भिंतीला हात लावल्याशिवाय माप लिहायचं नाही."

 साहेबांनी ड्रॉवरमधून तेच प्रतिज्ञापत्र काढलं, पेनने एक शब्द खोडला आणि वर दोन लिहिले. 'एकही खिडकी नव्हती'च्या जागी 'एकही खिडकी दिसली नाही.' कागद माझ्याकडे सरकवला.

"हे खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"यात खोटं काही आहे?"

"नाही."

"मग हे टाइप करून आणतो, यावर सही करा. तुम्ही सुटाल, मी सुटेन. बाकीचं कोर्ट बघून घेईल. म्हाताऱ्याला कोर्टात जायची वाट मोकळी आहे की."

कोर्टाची वाट म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. कोर्टाची तारीख लागेपर्यंत भिंतीवर स्लॅब पडला असता.

टाइप होऊन आलेला तो कागद मी पर्समध्ये घालून घरी नेला. भाकऱ्या थापताना मी एकच हिशेब करत होते. सही केली नाही तर नोकरी जाईल. कदाचित आणखी काही होईल. काय, ते माहीत नसल्यामुळे ते जास्त मोठं वाटत होतं. सही केली तर मी सुटेन. कायद्याने पूर्ण सुटेन. पण तो कागद राहील, आणि खरं काय ते शेठना माहीत असेल. उद्या त्यांचा भाऊ बांधेल, परवा मेहुणा. दरवेळी शेठ ऑफिसात येतील आणि म्हणतील, बाई, अमावास्येला या की. आणि मला जावं लागेल. मला धैर्य आलं, असं कुणी समजू नये. दोन्हीकडची भीती होती. त्यातली एक उद्या संपणार होती आणि दुसरी कधीच संपणार नव्हती, एवढाच फरक. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "भाकरी करपतेय." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मिल चार दिवस करणार आहेत म्हणे." तेवढं मला पुरलं.

सुनावणी महापालिकेतल्या एका लहान केबिनमध्ये झाली. टेबलामागे सुनावणी घेणारे इंजिनिअर, डोक्यावर पंखा, आणि आम्ही सगळे खुर्च्या कमी म्हणून उभे. शेठ इस्त्रीच्या कपड्यांत. मल्लय्या धुतलेल्या धोतरात, चष्म्याचा दोरा नवा. राजव्वाने काखेत चटईत गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं. हिरेमठ साहेब माझ्याकडे बघत नव्हते. सकाळी मी तो कागद सही न करताच परत दिला होता. ते फक्त म्हणाले होते, "बरं."

शेठनी आपलं सांगितलं. रातोरात भोक, म्हाताऱ्याची लबाडी, नकाशा मंजूर. इंजिनिअर ऐकत नकाशा उलगडत होते. त्यांचं बोट साइट प्लॅनवर येऊन थांबलं.

"ब्लँक वॉल. हे कुणी काढलंय?"

"मी," मी म्हणाले. 

"तुम्ही जागेवर गेला होता?"

"हो."

"खिडकी होती की नव्हती? एका शब्दात सांगा."

 मी टेबलाची कड धरली. "होती. मला दिसली नाही, कारण मी भिंतीपर्यंत गेले नाही. टेपचं टोक अंबादास शेठच्या हातात दिलं. तो दिवस अमावास्येचा होता, माग बंद होता, खिडकीला चुना दिलेली फळी लावलेली होती. नकाशा चुकीचा आहे. चूक माझी आहे."



"हे लेखी द्याल?"

"देईन."

"परिणाम माहीत आहेत?"

"नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. "पण देईन."

शेठ हसले. "साहेब, बाई घाबरल्यात. काल त्या घरात बसल्या होत्या, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हातारीनं काय पाजलं कुनाला ठावं. आनि जुनी फळी काय, बाजारात ढीगभर मिळत्यात. आणली आनि बसवली."

मी याचा विचार केला होता. पर्समधून काड्यापेटी काढली. आत कागदाच्या दोन पुड्या. "या पुडीत फळीवरचा चुना आहे. या पुडीत खिडकीशेजारच्या भिंतीवरचा, बाहेरच्या अंगाचा. मी काल हात बाहेर काढून काढलाय. आडवे धरून बघा. दोन्हींत वरून नऊ थरांखाली लाल रेघ आहे. बाजारातल्या फळीवर या भिंतीचेच थर कसे येतील?"

इंजिनिअरनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकडे डोळ्यांजवळ नेले. बराच वेळ लागला. त्या वेळात मी हिरेमठ साहेबांच्या बुटांकडे बघत होते. बूट स्थिर नव्हते.

"ही लाल रेघ कसली?"

"काव," राजव्वा म्हणाली आणि चटई सोडून फळीच टेबलावर ठेवली. शाईची दौत थोडक्यात वाचली. "माझ्या पोराच्या लग्नाची. आनि साहेब, काव कालवली कुनी, ते बी विचारा की." ती शेठकडे वळली. "सांग की, अंब्या. बादली धरून कोन उभं हुतं? फळी काढून देऊ का म्हनलं तुला, तर 'नको मामी, फळीवरनंच मारतो' म्हनून कोन म्हनलं? हात लाल झालं हुतं तुझं, तसंच जेवाय बसलास. मी वराडले हुते."

 पहिल्यांदाच शेठनी कुणाकडेच पाहिलं नाही. आपल्या हातांकडे पाहिलं. मग हात खिशात घातले.

"बोला," इंजिनिअर म्हणाले.

"लई दिवस झालं," शेठ म्हणाले. एवढंच.

इंजिनिअर त्याच दुपारी जागेवर आले. मी त्यांच्याबरोबर गेले. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही. भिंतीला हात लावला. त्यांनीही लावला.

निकाल असा लागला. मंजुरी रद्द, सुधारित नकाशा द्यायचा, खिडकीसमोर तीन फूट जागा सोडायची. उभी राहिलेली भिंत शेठना पाडावी लागली. वर खोल्या झाल्याच, त्यामुळे मल्लय्याचा उजेड पूर्वीसारखा राहिला नाही. ऊन दोनपर्यंत येतं, मग वरच्या मजल्याची सावली पडते. तो दोनपर्यंत काळं विणू लागला आणि त्यासाठी भल्या पहाटे उठू लागला. दोनच्या पुढे दुसऱ्याचे ताणे भरून देत असे. त्याने माझे आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. त्याची खिडकी आधी मीच घालवली होती.

हिरेमठ साहेबांना ताकीद मिळाली, लायसन्स राहिलं. माझी नोकरी राहिली, पण वर्षभर मला ट्रेसिंगच्या टेबलावरून उठू दिलं नाही. मोजणीला दुसरा माणूस जाई, अमावास्या सोडून. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलत. शेठनी पुढची कामं दुसऱ्या सर्व्हेअरकडे नेली. मला कुणी आत घातलं नाही, पण मागे वळून पाहायची सवय आणीबाणी उठल्यानंतरही काही महिने गेली नाही.

वर्षाने मोजणी पुन्हा माझ्याकडे आली. अमावास्या मी अजूनही मानत नाही. पण साइटवर जायच्या आधी कॅलेंडर बघते आणि त्या गल्लीत त्या दिवशी काय काय बंद असतं, ते विचारते. आणि टेपचं भिंतीकडचं टोक मी स्वतः धरते. खुर्चीत क्लायंटला बसवते. चिखल असला, शेण असलं, तरी.